थडग्याचा पत्ता

व्हिएन्ना शहराच्या नवव्या प्रभागात, डॅन्यूब कालव्यापासून हाकेच्या अंतरावर, झेगास नावाचा एक साधा रस्ता आहे. तिथे एक वृद्धाश्रम आहे. त्याच्या दर्शनी दालनातून सरळ मागच्या दाराने बाहेर पडले की समोर गवतात, झाडांच्या सावलीत, हिब्रू अक्षरांनी भरलेल्या जुन्या शिळा उभ्या दिसतात. काही ताठ, काही कललेल्या, काही तुकडे सांधून उभ्या केलेल्या. सोळाव्या शतकापासून १७८३ पर्यंत व्हिएन्नाचे ज्यू आपल्या माणसांना इथे पुरत असत. शहराची ओळख करून देणारी पुस्तके या जागेला ‘व्हिएन्नातली शिल्लक राहिलेली सर्वांत जुनी ज्यू दफनभूमी’ म्हणतात. त्यातले ‘शिल्लक राहिलेली’ हे शब्द मला खटकतात. १९४३ मध्ये नाझी सत्तेने ही जागा सपाट करायचा हुकूम काढला आणि पुढची चाळीसएक वर्षे इथे पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. आज दिसतात त्या सुमारे २८० शिळा १९८०च्या दशकात परत आणून उभ्या केलेल्या आहेत. त्याही सोयीने ओळीत लावलेल्या नाहीत. ज्याची शिळा त्याच्याच थडग्यावर, मूळ जागी रोवलेली आहे. मोकळ्या पडलेल्या जमिनीवर कोणता दगड कुठे होता हे चार दशकांनंतर कळले कसे? एका छापील पुस्तकामुळे आणि त्यासोबतच्या नकाशामुळे. युरोपातल्या ज्यू दफनभूमींविषयी बोलताना हिशेब सहसा दगडांचा होतो: किती उरले, किती फुटले, किती पळवले. व्हिएन्नाचा इतिहास पाहिल्यावर मला हा हिशेबच अपुरा वाटतो. दफनभूमी नोंदीच्या आधाराने टिकते, आणि ती नोंद पुढे करून हक्क सांगणारे कोणी उरले असेल तरच त्या नोंदीला किंमत असते. हे म्हणणे वाटते तितके सोपे नाही. त्याच्या आड येणारा पुरावाही याच शहरात आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

आधी दोन कल्पनांमधले अंतर लक्षात घ्यायला हवे. ज्यू धर्मशास्त्रानुसार थडग्याची जागा कायमची मृताची. ती भाड्याची नसते, मुदतीची नसते, आणि हाडे हलवून तिथे दुसऱ्याला पुरणे हा गंभीर दोष मानला जातो. दफनभूमीला हिब्रूत ‘बेत ओलाम’, म्हणजे अनंतकाळचे घर म्हणतात. ‘बेत हायिम’, म्हणजे जिवंतांचे घर, असेही म्हणतात. दिवा ‘विझला’ न म्हणता ‘वाढला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा दुसरा शब्द वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. व्हिएन्नाचा रिवाज मात्र निराळा आहे. तिथे थडग्याच्या वापराचा हक्क साधारणपणे दहा वर्षांसाठी मिळतो, पैसे भरून तो वाढवावा लागतो, आणि कोणी वाढवला नाही तर जागा पुन्हा वापरात येते. म्हणजे ख्रिस्ती थडगे टिकते ते वारसाच्या पावतीवर. ज्यू थडगे, तत्त्वतः, वारस असो वा नसो, टिकलेच पाहिजे. शहराच्या वाढत्या भिंतींमध्ये एका अल्पसंख्य समाजाने ‘ही जमीन कायमची आमच्या मृतांची’ असे म्हणणे ही मुळात एक कायदेशीर मागणी आहे, आणि कायदेशीर मागणीला कागद लागतो. धर्मशास्त्र समाजाला बांधून ठेवते, राजाला नाही.

राजाला काहीच बांधून ठेवत नाही याचा अनुभव व्हिएन्नाच्या ज्यूंना लवकर आला. १४२०-२१ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने शहरातला ज्यू समाज संपवला. १२ मार्च १४२१ रोजी दोनशेहून अधिक जणांना एर्डबर्गच्या मैदानात जाळण्यात आले, सिनेगॉग पाडून त्याचे दगड विद्यापीठाच्या इमारतीसाठी नेले गेले. केर्न्टनर दरवाज्याबाहेरची मध्ययुगीन दफनभूमीही तेव्हाच गेली. तिचे काही दगड पुढे शहरातल्या जुन्या बांधकामांत चिणलेले सापडले. तासलेला, सपाट, हाताशी असलेला चिरा गवंड्याला नेहमीच हवा असतो. त्यावरची अक्षरे आतल्या बाजूला वळवली की काम झाले. त्या दफनभूमीत कोण कोण होते याची यादी उरली नाही, आणि जे थोडे दगड सापडले ते भिंतीतून सापडले म्हणून कुणाच्याही थडग्यावर परत ठेवता आले नाहीत. ते आज संग्रहालयाच्या वस्तू आहेत. यात वाईट काही नाही. पण दफनभूमी म्हणून ती जागा कायमची नाहीशी झाली.

झेगासची गोष्ट वेगळी घडली, आणि तीही एका हद्दपारीतून. बादशहा फर्डिनांड दुसरा याने १६२४ मध्ये ज्यूंना डॅन्यूबच्या पलीकडच्या बेटावर वेगळी वस्ती दिली होती. १६७० मध्ये लेओपोल्ड पहिला याने त्यांना तिथूनही हाकलले. वस्तीला बादशहाचे नाव मिळून ती लेओपोल्डश्टाट झाली. निघून जाणाऱ्यांनी घरे सोडली, सिनेगॉग सोडले. झेगासची दफनभूमी मात्र सोडून जायला ते तयार नव्हते. फ्रेंकेल या धनिक घराण्याने ४,००० गुल्डन शहराच्या हवाली केले, आणि त्या बदल्यात या जागेची देखभाल कायम करण्याची जबाबदारी शहराने पत्करली. या व्यवहारातली दूरदृष्टी पाहण्यासारखी आहे. ज्या शहरात आता एकही ज्यू राहू शकत नाही त्या शहराला, त्याच शहराच्या कायद्याने, ज्यू मृतांचे राखणदार केले गेले. पैसे देणाऱ्यांना शहराच्या सद्भावनेवर भरवसा असण्याचे काही कारण नव्हते. त्यांचा भरवसा होता तो कराराच्या भाषेवर. शहरे घेतलेल्या रकमेच्या पावत्या जपून ठेवतात, यावर. आणि तो भरवसा पावणेतीनशे वर्षे खरा ठरला. आसपासचे मळे गेले, घरे आली, रस्ते आखले गेले, पण झेगासच्या जमिनीला कोणी हात लावला नाही.

हद्दपारी तशी फार टिकली नाही. युद्धाला पैसा लागतो, आणि तुर्कांशी लढणाऱ्या बादशहाला तो झामुएल ओपनहाइमर याच्याकडून मिळत होता. १६८३ च्या वेढ्याच्या आणि त्यानंतरच्या मोहिमांच्या काळात सैन्याला धान्य, घोडे, दारूगोळा पुरवणारा हा माणूस व्हिएन्नात राहायला परत आला आणि त्याच्या मागोमाग मोजकी घराणी आली. दफनभूमीला लागून त्याने रुग्णालय उभारले. १७०३ मध्ये तो वारला तेव्हा सरकारी खजिन्याकडे त्याचे प्रचंड येणे थकले होते. खजिन्याने ते फेडण्याऐवजी त्याची पेढीच दिवाळखोर ठरवली. त्याचा समकालीन झाम्सोन वेर्टहाइमर, सावकार आणि हंगेरीच्या ज्यूंचा मुख्य रब्बी, १७२४ मध्ये वारला. दोघेही झेगासलाच पुरले गेले. त्यांच्या आधीच्या पिढीतला, १६६० मध्ये वारलेला रब्बी शब्ताय शेफ्टेल होरोविट्झ हाही इथेच आहे. बादशहाने ओपनहाइमरचे कर्ज बुडवले, पण त्याच्या थडग्याच्या जमिनीवरचा शब्द शहराने पाळला, हा विरोधाभास इतिहासकाराला चुटपुट लावणारा आहे. कदाचित कारण एवढेच असेल, की कर्जाची रक्कम मोठी होती आणि दफनभूमी छोटी.

आता या शिळा वाचायच्या कशा, याकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार तिथे आहे. अशी शिळा स्वतःहून फारच थोडे सांगते. वर बहुधा दोन अक्षरांचा संक्षेप, ‘इथे पुरला आहे’ अशा अर्थाचा. तळाशी पाच अक्षरांचा संक्षेप, मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो अशी बायबलमधून आलेली प्रार्थना सुचवणारा. मधे स्तुतीच्या ओळी, त्याही पुष्कळदा ठरीव: तो सरळमार्गी, ती सदाचारी, दोघेही दानशूर. नाव असते ते ‘अमुक, तमुकचा मुलगा’ असे. हाब्सबुर्ग राज्यात ज्यूंना कायमचे जर्मन आडनाव घेण्याची सक्ती १७८७ मध्ये झाली, म्हणजे झेगास बंद झाल्यानंतर चार वर्षांनी. त्यामुळे झेगासच्या बहुतेक मृतांना आपण ज्याला आडनाव म्हणतो ते शिळेवर नाही. वर्ष आकड्यांत नसते, अक्षरांत असते, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्येची किंमत आहे. ताव म्हणजे ४००, सामेख ६०, गिमेल ३. तिन्ही मिळून ४६३, आणि हजारांचा आकडा गृहीत धरलेला, म्हणजे हिब्रू वर्ष ५४६३, म्हणजे इसवी सन १७०२-०३. कधीकधी बायबलमधले एखादे वचन घेऊन त्यातल्या ठरावीक अक्षरांवर खुणा करतात, आणि त्या अक्षरांची बेरीज म्हणजे मृत्यूचे वर्ष. संस्कृत लेखांतली शब्दांनी शक सांगणारी भूतसंख्या ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली गंमत आणि धोका दोन्ही कळतील: एक अक्षर झिजले की शतकाची उलथापालथ होते. चित्रेही तशीच फसवी. दोन पसरलेले हात म्हणजे मृत पुरोहित घराण्यातला, कोहेन. पाण्याची झारी म्हणजे लेवी. सिंह म्हणजे लेओ किंवा लोएव नावाचा, हरीण म्हणजे हिर्श. झेगासला माशाच्या शिल्पाचा एक दगड आहे. त्याच्याविषयी दंतकथा अशी, की एका माशाने मारले जाण्यापूर्वी तोंडाने प्रार्थना म्हटली, म्हणून त्याला माणसासारखे इथे पुरले. फिश्ल हे त्या काळातले सर्रास आढळणारे नाव होते एवढे सांगितले की कथेची हवा जाते खरी, पण दंतकथा जन्मतात त्या याच पोकळीत, शिळा आहे आणि नोंद नाही अशा ठिकाणी.

ही पोकळी भरण्याचे काम बेर्नहार्ड वाक्स्टाइन या माणसाने केले. गॅलिशियात १८६८ मध्ये जन्मलेला वाक्स्टाइन व्हिएन्नाच्या ज्यू समाजसंस्थेचा ग्रंथपाल होता. झेगासच्या नऊशेहून अधिक शिळांचे लेख त्याने उतरवून घेतले आणि १९१२ व १९१७ मध्ये दोन खंडांत छापले. नुसती नक्कल करून तो थांबला नाही. शिळेवरचा ‘अमुक, तमुकचा मुलगा’ म्हणजे जर्मन दप्तरातला कोण, त्याचे घर कोणते, सासर-माहेर कोणते, हे त्याने दफ्तरखान्यातल्या कागदांशी ताडून पाहिले, आणि कोणती शिळा आवारात कुठे आहे याचा नकाशा दिला. आपल्याकडे शं. गो. तुळपुळ्यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ सिद्ध केला त्या जातीचे हे काम. कंटाळवाणे, डोळे फोडणारे, आणि करून झाल्यावर कोणाच्या फारसे लक्षात न राहणारे. त्या वेळी शिळा उभ्याच होत्या. ज्याला बघायचे त्याने जाऊन बघावे, पुस्तकाची गरज काय, असे कोणी विचारले असते तर पटण्याजोगे उत्तर देणे वाक्स्टाइनलाही जड गेले असते. तो १९३५ मध्ये वारला. पुस्तकाची गरज त्यानंतर आठ वर्षांनी पडली.

१९४३ मध्ये व्हिएन्नाचे बहुतेक ज्यू एकतर परागंदा झाले होते किंवा पूर्वेकडे पाठवून मारले गेले होते. मागे उरलेल्या मूठभरांनी, स्वतःच्या जिवाची शाश्वती नसताना, झेगासच्या काही शिळा मध्यवर्ती दफनभूमीत नेऊन जमिनीत पुरल्या. दगडांचेच दफन. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या सापडल्या, आणि १९८४ मध्ये झेगासचे पुन्हा विधिवत उद्घाटन झाले. २०१३ मध्ये झेगासच्याच मातीखाली आणखी काही शिळा निघाल्या. ही कहाणी सांगताना सगळे भर देतात तो त्या लपवणाऱ्यांच्या धैर्यावर, आणि तो योग्यच आहे. पण धैर्याने वाचले ते दगड. वाक्स्टाइनचे पुस्तक नसते तर त्या दगडांचे काय झाले असते याचा विचार करा. हाडे खाली झेगासच्याच जमिनीत होती, कारण पाडापाडी वरवरची होती. शिळा सुट्या हाती होत्या. पण कोणती कोणाची आणि कुठली हे सांगणारे कोणी जिवंत नव्हते. शिळा भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या असत्या. पोलंड-जर्मनीत अशा कित्येक भिंती उभ्या आहेत. महाराष्ट्रातल्या देवळाच्या आवारात पिंपळाखाली मांडलेल्या वीरगळांसारखी त्यांची गत झाली असती. त्या वीरगळांवर गाईंसाठी लढणारा वीर दिसतो, अप्सरा दिसतात, वर सूर्यचंद्र दिसतात. पण बहुतेकांवर लेख नाही, रणभूमी कोणती ते माहीत नाही, आणि गावही त्यांना शेंदूर लावून देव म्हणते. कलेचा इतिहास लिहायला ते पुरतात, त्या माणसाचा इतिहास लिहायला नाही. झेगासची शिळा मूळ जागी परत गेली तेव्हा ती शिल्प राहिली नाही, पुन्हा थडगे झाली. थडग्याला पत्ता असतो. शिल्पाला तो नसला तरी चालते.

यावर पहिला आक्षेप मलाच दिसतो. कागद एवढा समर्थ, तर फ्रेंकेलांचा करार १९४३ मध्ये कुठे गेला होता? शहराने ४,००० गुल्डन घेतले होते, आणि पाडणारी सत्ता त्याच शहरात बसली होती. उत्तर असे, की करार होता, पण तो हाती धरून दारात उभे राहणारा उरला नव्हता, आणि ज्याच्यापुढे उभे राहायचे ते न्यायालय उरले नव्हते. १६७० मध्ये हद्दपार झालेले ज्यू निदान मोराव्हियात, बर्लिनमध्ये जिवंत होते. बादशहाला त्यांची पुन्हा गरज पडण्याची शक्यता होती, आणि ती पडलीही. १९४३ च्या सत्तेला हक्कदारच संपवायचे होते. दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे, आणि तो वेरिंगच्या दफनभूमीतून येतो. बादशहा योसेफ दुसरा याने शहराच्या तटबंदीच्या आत पुरण्यास मनाई केल्यावर १७८४ पासून ज्यू आपल्या मृतांना वेरिंगला नेऊ लागले. १८७०च्या दशकाच्या अखेरपर्यंत सुमारे ३०,००० जण तिथे पुरले गेले. व्हिएन्नाच्या ज्यूंनी सावकारीतून कारखानदारीकडे, वस्तीतून दिवाणखान्यांकडे जो प्रवास केला तो या शिळांवर भाषेनेही दिसतो: हिब्रूच्या खाली जर्मन येते, मग जर्मन वर चढते आणि हिब्रू दोन संक्षेपांपुरती उरते. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्राएलींच्या थडग्यांवर हिब्रूशेजारी मराठी आली, त्याच वाटेने. एका कोपऱ्यात तुर्की प्रजा असलेल्या सेफार्दी ज्यूंची पौर्वात्य धाटणीची थडगी आहेत. तहांमुळे परक्या सुलतानाच्या या ज्यूंना व्हिएन्नात राहण्याचा हक्क स्थानिक ज्यूंपेक्षा भक्कम होता. अशा या जागेत १९४१ पासून खोदकाम सुरू झाले आणि त्यात सुमारे दोन हजार थडगी गेली. शिवाय १९४२ मध्ये वंशशास्त्राच्या नावाखाली दोनशेहून अधिक मृत उकरून त्यांची हाडे निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयाला देण्यात आली. १८१८ मध्ये वारलेली, आपल्या दिवाणखान्यात व्हिएन्ना परिषदेतल्या मुत्सद्द्यांना जमवणारी फानी फोन आर्नश्टाइन ही त्यांत होती. कोणती थडगी उघडायची हे कुणी अंदाजाने ठरवले नाही. नामांकित घराणी निवडली गेली, वंशावळी पाहिल्या गेल्या. म्हणजे थडग्याला पत्ता होता म्हणूनच ते सापडले.

हा आक्षेप मी उडवून लावू शकत नाही, आणि मला तसे करायचेही नाही. नोंद ही राखणदार नसते. ती ज्याच्या हाती पडेल त्याचे काम करते. ज्या वंशावळी एका पिढीने आपल्या पूर्वजांच्या मानासाठी लिहिल्या त्याच पुढच्या पिढीला छळछावणीत पाठवताना वापरल्या गेल्या, हे नाझी काळातल्या सगळ्याच जन्ममृत्यूंच्या दप्तरांबाबत खरे आहे. पण यातून नोंद करूच नये असा निष्कर्ष निघत नाही. जी मध्ययुगीन दफनभूमी बिननोंदीची होती ती वाचली नाही. ती अधिक पूर्णपणे गेली. यातून निघते ते एवढेच, की नोंद एका हाती, एका शहरात, एका प्रतीत ठेवणे धोक्याचे. समाजसंस्थेचे ग्रंथालय नाझींनी जप्त केले, तरी वाक्स्टाइनचे खंड छापलेले असल्याने इतर ग्रंथालयांत होते. युद्धानंतर व्हिएन्नाच्या समाजसंस्थेचे जुने दप्तर मोठ्या प्रमाणात जेरुसलेमच्या अभिलेखागारात गेले, आणि तेव्हापासून व्हिएन्नातल्या थडग्याखालचा माणूस शोधायला अभ्यासकाला जेरुसलेमला पत्र घालावे लागते. गैरसोयीचे आहे, पण १९३८ मध्ये नाझींचा अंमल आलेला पाहिलेल्या माणसांनी हा निर्णय का घेतला असेल हे समजणे कठीण नाही.

तिसरा आक्षेप शहराच्या बाजूने येतो, आणि तो ऐकताना वाजवी वाटतो: जुन्या दफनभूमींचे व्हिएन्नाने काय केले ते पाहा, सगळ्यांना एकच न्याय लावला. योसेफ दुसऱ्याच्या काळातल्या सर्वसाधारण दफनभूमी १८७४ मध्ये मध्यवर्ती दफनभूमी उघडल्यावर बंद झाल्या, आणि मोत्सार्ट जिथे पुरला गेला ती सांक्ट मार्क्स वगळता बाकीच्यांच्या बागा झाल्या. बेटहोव्हन आणि शूबर्ट यांनाही १८८८ मध्ये हलवले. त्यांची मूळ जागा आज शूबर्ट उद्यान आहे. वेरिंगच्या ज्यू दफनभूमीच्या भिंतीपलीकडे एके काळी तशीच ख्रिस्ती दफनभूमी होती. १९२०च्या दशकात तिचे वेरिंग उद्यान झाले आणि काही निवडक शिळा एका कोपऱ्यात ठेवल्या गेल्या. मग भिंतीच्या या बाजूच्या मृतांना वेगळा मान का? मला ही दोन शेजारी आवारे याच प्रश्नाचे उत्तर वाटतात. एकाच बादशहाच्या एकाच धोरणातून निघालेली, एकाच मातीतली दोन आवारे. एकाची बाग झाली, दुसऱ्याची झाली नाही, कारण दुसऱ्याच्या मागे जागा कायमची असते असे मानणारा आणि तसे कागदावर सांगू शकणारा समाज होता. पलीकडची बाग करताना शहराने वारसांना विचारले, ज्यांना हवे त्यांनी आपले मृत हलवले, बाकीच्यांनी संमती गृहीत धरू दिली. भिंतीच्या अलीकडे १९४२ मध्ये जमीन शहराच्या नावावर आली ती विक्री म्हणायच्या लायकीची नव्हती. युद्धानंतर शहराने बहुतांश जागा परत केली, पण खोदलेला भाग स्वतःकडेच ठेवला आणि १९५९-६० मध्ये तिथे महापालिकेच्या सदनिकांची इमारत बांधली. तिला नाव दिले आर्थर श्निट्झलरचे. ज्यू दफनभूमी उकरून बांधलेल्या घरांना ज्यू लेखकाचे नाव देण्यात कोणाला अवघडल्यासारखे वाटले नाही, आणि वाईट हेतूही नसावा. पुसून टाकल्याची आठवणच पुसली गेली की असे सहज होते. श्निट्झलर स्वतः १९३१ पासून मध्यवर्ती दफनभूमीच्या पहिल्या दरवाज्यालगतच्या ज्यू विभागात आहे.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यात संपवतो. १७ जानेवारी २००१ च्या वॉशिंग्टन करारात ऑस्ट्रियाने ज्यू दफनभूमींच्या दुरुस्तीची जबाबदारी मान्य केली. २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र निधीचा कायदा झाला आणि केंद्र सरकारने वीस वर्षे दरसाल दहा लाख युरो देण्याचे ठरवले. इतर कोणाच्या जुन्या थडग्यांना असा निधी नाही, अशी कुरबुर होते. इतरांच्या थडग्यांकडे वारस आहेत, किंवा त्यांनी ती सोडून दिली आहेत. १९३८ मध्ये व्हिएन्नात दीड लाखाहून अधिक ज्यू होते. झेगासपासून फार दूर नसलेल्या उद्यानात २०२१ मध्ये उभारलेल्या भिंतींवर मारल्या गेलेल्या ६४,००० हून अधिक ऑस्ट्रियन ज्यूंची नावे आहेत. वेरिंगला झाडलोट करायला कोण येत नाही, याची ती यादी आहे. फ्रेंकेलांच्या कराराच्या भाषेत सांगायचे तर शहराने देखभालीचा पैसा आधीच घेतलेला आहे. धार्मिक ज्यूंचा आक्षेप मात्र अधिक विचार करायला लावतो: दुरुस्तीसाठी खणणे म्हणजेही मृतांची झोपमोड, तेव्हा शिळा पडली असेल तिथे पडू द्यावी, अभ्यासकांनी भिंतीबाहेर राहावे. कोहेन घराण्यातले लोक तर आतही जात नाहीत. मला हे म्हणणे खणण्याबाबत मान्य आहे, वाचण्याबाबत नाही. लेख उतरवून घेणे, छायाचित्र काढणे, नकाशात खूण करणे यासाठी कुदळ लागत नाही.

आणि घाई तिथेच आहे. वेरिंगच्या पुष्कळ शिळा वालुकाश्माच्या आहेत. वालुकाश्म पाणी पितो, हिवाळ्यात ते गोठते, आणि वसंतात शिळेचा पापुद्रा अक्षरांसकट सुटून खाली येतो. चिनी आयलान्थसची रोपे, म्हणजे आपल्या महारुखाचीच जातभाई, थडग्यांच्या सांध्यांत रुजून शिळा उचलतात. तोडले की मुळांतून दसपट फुटतात. उभ्या राहिलेल्या आठ-नऊ हजार शिळांना वाक्स्टाइनसारखा माणूस त्या काळात लाभला नाही. जे काम झाले ते अलीकडच्या दशकांत, पुष्कळ लेख गळून पडल्यानंतर. संग्रहालयात नेलेली हाडे युद्धानंतर परत मिळाली आणि मध्यवर्ती दफनभूमीच्या चौथ्या दरवाज्यालगतच्या ज्यू विभागात पुरली गेली. त्या माणसांची थडगी शहराच्या वायव्येला वेरिंगला, हाडे आग्नेय टोकाला. मधे सगळे व्हिएन्ना. कोणाची हाडे कुठल्या थडग्यातून आली हे जुळवायला आज अभ्यासकाला आधार घ्यावा लागतो तो उकरणाऱ्यांनी उकरताना केलेल्या याद्यांचा.